कोंडवाड्यातल्या गाड्या

डोंगर माणसाला नम्र करतो. त्या उंचीसमोर उभं राहिलं की आपण किती क्षुद्र आहोत ते कळतं, अहंकार गळून पडतो आणि माणूस हलका होऊन खाली उतरतो. हे मी बऱ्याच पुस्तकांत वाचलं होतं. निवृत्तीनंतर डोंगराच्या पायथ्याशी, आपल्या मूळ गावी राहायला आलो, तेव्हा ते पडताळून पाहायची आपोआपच सोय झाली. आमच्याकडे नम्र होऊन उतरलेला माणूस पायथ्याशी पोचल्यावर पहिलं वाक्य बोलतो ते असं: "माझ्या गाडीच्या मागे ही कोणी लावली?"

आज जुलैतला शनिवार आहे आणि मी सकाळपासून ओटीवर बसून एकच पान वाचतो आहे. पुस्तक चांगलं आहे. दोष कानांचा आहे. आठवड्याचे पाच दिवस या कानांना पागोळ्या, बेडूक आणि शेजारच्या कोंबड्या पुरतात. शनिवार उजाडला की ते खालच्या वळणाकडे लागतात. पहिली गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये येते, तिसरा टाकून बघते, पस्तावते. गाडी दिसायच्या आधी क्लचचा जळका वास ओल्या हवेतून वर येतो. मग मागे घेतानाचं ते पिंप-पिंप. मी उठतो, कठड्यापाशी जातो, बघतो, परत येऊन बसतो. पान तेच असतं. गावाने मला काही काम दिलेलं नाही, कोणी काही विचारलेलं नाही. तरी उठतो. ही खोड मला एका पावसाळ्याने लावली.

माझी स्वतःचीही एक गाडी आहे. जूनपासून ती ताडपत्रीखाली आहे. हलवली तर तिची जागा जाईल.

गावाचं नाव चिंचघळ. काशीदच्या किनाऱ्यापासून आत, रानातून येणाऱ्या एका अरुंद रस्त्याच्या टोकाला. मागे डोंगर आहे, त्याचं नाव म्हसोबाचं टोक. आमच्या लहानपणी तिथे गुरं जायची, लाकूडफाट्याला बायका जायच्या आणि वर्षातून एकदा म्हसोबाला कोंबडं जायचं. ते परत यायचं नाही. हौसेने वर जाणारा माणूस कोणी पाहिलेला नव्हता. मग कोणीतरी वरून ढगांचा फोटो काढला, खाली 'क्लाउड पॉइंट' असं लिहून फोनवरून जगात सोडला, आणि म्हसोबाचं नामांतर त्याला न विचारता झालं. त्यात पावसाळ्यात काशीदला समुद्रात उतरू देत नाहीत. किनाऱ्यावरून हाकललेली माणसं घरी जात नाहीत, डोंगराकडे वळतात.

आमच्या गावाची अडचण वेळापत्रकाची आहे. डिसेंबर ते मे आमची शेतं कोरडी, कडक आणि सपाट असतात, तिथे विमानसुद्धा उतरेल. तेव्हा कोणी येत नाही. जुलैत खाचरांत पाणी तुंबवलेलं असतं, चिखलणी झालेली असते, बायका वाकून भाताची रोपं लावत असतात आणि नेमकी तेव्हाच सगळी नवी मुंबई येते. भाताच्या खाचरात गाडी लावता येत नाही हे शहरातल्या माणसाला शब्दांनी पटत नाही. त्याला एकदा लावून बघावी लागते. मग लावणी सोडून माणसं गोळा होतात, ट्रॅक्टर येतो, दोरखंड येतो. गाडीतली बाई काच खाली करून म्हणते, "सॉरी हां, काका." चाकाखाली गेलेली रोपं काही म्हणत नाहीत.

पण ज्या पावसाळ्याची गोष्ट मनात पुन्हा पुन्हा येते आहे, त्यात प्रश्न रोपांचा नव्हता. प्रश्न एसटीचा होता.

रस्ता गावात येऊन संपतो. तिथे देवळाअलीकडे एका चिंचेखाली मोकळी तिकोनी जागा आहे. संध्याकाळची एसटी तिथे वळते, रात्री मुक्कामाला राहते आणि सकाळी परत जाते. एवढीच आमची वाहतूक व्यवस्था. त्या वर्षी शनिवार-रविवारी त्या तिकोनात गाड्या लागायला लागल्या. गाडी लावणाऱ्याला ती जागा म्हणजे नशिबाने मोकळं सापडलेलं पार्किंग वाटायची. मोकळी जागा कोणासाठी तरी मोकळी ठेवलेली असू शकते, ही कल्पना मुंबईत टिकलेली नाही.

एका रविवारी एसटी आली आणि तिला वळता येईना. आमचे जुने ड्रायव्हर मुकादमभाई, अंगाने सडपातळ आणि बोलायला त्याहून कमी. त्यांनी खाली उतरून गाड्यांकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि एसटी तशीच उलटी, पावसात, रानातून थेट फाट्यापर्यंत नेली. कंडक्टर मागून शिट्टी वाजवत चालत होता. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच झालं. मग डेपोतून तोंडी निरोप आला, की हे असंच चालणार असेल तर गाडी फाट्यावरूनच परत फिरवू.

फाट्यापासून गाव म्हणजे तासाभराची चाल, दोन्ही बाजूंना रान.

निरोप ऐकून गाव नेहमीप्रमाणे हळहळलं. खरी झोप उडाली ती वंदनाची. वंदना ही माझा चुलतभाऊ धर्मा याची सून. तिचा नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, पंधरवड्यातून एकदा घरी येतो, आल्यावर एक दिवस झोपतो आणि दुसऱ्या दिवशी जातो. लग्नानंतर तिने रुग्णसेवेचा कोर्स केला होता आणि तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात तिला नुकतंच काम मिळालं होतं. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं. धर्माने हो म्हटलं होतं, पण ते हो एसटीच्या चाकांवर उभं होतं. ओटीवर बसून त्याने मला सांगितलं होतं, "येष्टी दारातून जाती नि दारात येती, म्हणून जाऊ दे म्हटलं. फाट्यावरनं चालत यायचं झालं तर न्हाय. रान हाय ते. मागल्या म्हयन्यात बिबट्या दिसलाय."

वंदना दुसऱ्या दिवशी डबा भरायच्या आधी माझ्याकडे आली. उंबऱ्यावर उभी राहूनच बोलली.

"नाना, तुमी शिकलेले. कायतरी करा."

"धर्माशी बोलू का?"

"नको. मामंजी रागाने घरी बसवणार असते तर मीच बोलले असते. ते काळजीनं बसवतील. काळजीशी कसं भांडायचं?"

काळजीशी भांडणं मला जमणारं नव्हतं, पण गाड्यांना शिस्तीत लावणं जमण्यासारखं होतं. मी न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात आयुष्य काढलेलं. जो डबा आधी जाणार, तो वर. जो उशिरा जाणार, तो खाली. येणाऱ्याची वाट वेगळी, जाणाऱ्याची वेगळी. जगातल्या कितीतरी गोंधळांना माझ्याकडे तयार उत्तर होतं आणि ते विचारायला कोणी येत नव्हतं. मी दोन संध्याकाळी बसून आराखडा काढला.

गावकी देवळात भरली. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की मला माझाच आराखडा ऐकू येत नव्हता. एकेरी मार्ग, बाण, गाड्यांना क्रमांक. लोकांनी तो आदराने ऐकला. दुसऱ्याच्या घरच्या लग्नाची चित्रफीत बघताना आपण जो आदर दाखवतो, तो. शेवटी गावकीचे अध्यक्ष जनूतात्या खाकरले.

"नाना, तुज्या त्या डब्यांना तहान लागायची का?"

"नाही."

"ते आपापसात भांडायचे?"

"नाही, तात्या."

"एखादा डबा म्हणायचा का, की मी हितंच उभा ऱ्हाणार, माजा मामा पोलिसात हाय?"

देऊळ हसलं. मीही हसलो, कारण दुसरा मार्ग नव्हता. तोही एकेरीच होता.

"मग हे काम येगळं हाय," तात्या म्हणाले. "हाकल्याबिगर हलत न्हाय, दुसऱ्याच्या शेतात शिरतंय, वाटेत बसलं की उठत न्हाय. आपल्याला म्हाईत हाय हे. गुरंच हायत ही. काठी काढा."

ती काठी मी लहानपणी पाहिली होती. ऐनाच्या लाकडाची, माथ्याकडे हातांच्या घामाने काळी पडलेली. तेव्हा घरोघरी गुरं होती आणि सगळ्या गावाची गुरं डोंगरावर न्यायची पाळी एकेका घराकडे यायची. संध्याकाळी गुरं परतली की पाळीवाला काहीही न बोलता काठी पुढच्या घराच्या दाराशी टेकवून जायचा. सकाळी दार उघडल्यावर काठी दिसली की त्या दिवशी पाळी तुमची. काठी नाकारायची नाही. ज्याच्या हातात काठी, गुरांच्या बाबतीत त्या दिवशी त्याचाच शब्द शेवटचा, मग समोर गावचा पाटील का असेना. आणि जनावर कोणाच्या पिकात शिरलं तर थेट कोंडवाड्यात. गावाच्या कडेला दगडी भिंतीचं ते आवार, फाटकाला आडवे बांबू. तिथून जनावर सोडवायला मालकाने स्वतः यायचं. चाकर चालणार नाही, शेजारी चालणार नाही. चारचौघांदेखत त्याने स्वतःच्या हाताने बांबू उचलायचा आणि आपलं जनावर घेऊन जायचं. दंड वगैरे काही नव्हता. लाज ही तेव्हा टिकाऊ वस्तू होती.

या नियमाला धर्माइतका चिकटलेला माणूस दुसरा नव्हता. तरुणपणी एकदा त्याच्याच पाळीत त्याचाच बैल तात्यांच्या नाचणीत शिरला. धर्माने तो कोंडला. मग काठी भिंतीला टेकवून घरी गेला, मालक म्हणून परत आला, बांबू उचलला, बैल घरी नेला, आणि पुन्हा येऊन काठी हातात घेतली. बघणारे लोळून हसत होते. धर्मा हसला नव्हता. त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

तर गुरं संपली, डोंगर रिकामा झाला, पाळी मोडली. काठी देवळाच्या माळ्यावर राहिली होती. ती खाली उतरली. ठरलं ते असं: फाट्याजवळच्या खडकाळ माळावर गाड्या थांबवायच्या, तिथून टमटमने माणसं वर आणायची. त्यातूनही जी गाडी गावात घुसेल ती कोंडवाड्यात. चिंचेखालच्या तिकोनात मात्र काहीही उभं राहायचं नाही. राहिलं, तर पुढे-मागे बांबू आडवे टाकून ते तिथेच कोंडलं असं समजायचं, आणि मालकाने स्वतः येऊन बांबू उचलायचा.

मला सगळ्यात नवल याचं वाटलं, की ते चाललं. त्या पावसाळ्याचे शनिवार माझ्या डोक्यात अजून ओले आहेत. कोंडवाड्यात दाटीने उभ्या पांढऱ्या गाड्या, त्यांच्या टपांवरून उठणारी वाफ, नाकाला नाक लावून उभ्या. फक्त रवंथ करायच्या राहिलेल्या. आरशांवर वाळत घातलेले मोजे, जे त्या हवेत दिवाळीपर्यंत वाळले नसते. भाजलेल्या कणसांचा धूर. शेतातले मुठे, म्हणजे ते लहान खेकडे, ऊब शोधत इंजिनांखाली येऊन बसायचे, आणि माणसं डोंगरावरून उतरून आपापल्या गाडीखाली वाकून किंचाळायची. टमटम तर डोंगरापेक्षा लोकप्रिय झाली. लोक तिच्या टपावर हात ठेवून फोटो काढायचे.

माझ्या दारात काठी आली त्या रविवारी मला मानवस्वभावाचं जे शिक्षण मिळालं, ते पुस्तकांत सापडलं नव्हतं.

"काका, फक्त पाच मिनिटं."

"डोंगर चढायलाच दीड तास लागतो."

"हो, पण आम्ही लवकर चढतो."

दुसऱ्या गाडीतले म्हणाले, "आम्ही निसर्गप्रेमी आहोत, काका."

"असाल. गाडी पण आहे का?"

तिसरा काच खाली करून, "अंकल, इधर सेफ है ना? चोरी-बिरी?"

"चोर येतो कुठून? त्यालाही गाडी लावायला जागा नको का?"

आणि एक गृहस्थ, शर्ट इस्त्रीचा, आवाज अधिकाराचा: "वर आमच्या ओळखीचे आहेत."

"वर म्हसोबा आहे."

"हां, तेच."

संध्याकाळ जवळ आली की मात्र माझं विनोदाकडे लक्ष राहायचं नाही. मी कोंडवाड्यापासून चिंचेपर्यंत आणि चिंचेपासून वळणापर्यंत येरझाऱ्या घालायचो. काठी माझ्याकडे नसली तरी. तिकोन मोकळा आहे ना, हे बघून परत यायचो, आणि परत आल्यावर वाटायचं, आत्ता कोणीतरी घुसलं असेल. एसटीचा आवाज इतर गाड्यांसारखा नसतो. ती आधी कण्हते, मग येते. ती आली, मागे गेली, पुढे झाली, वळली आणि वंदना छत्री उघडत खाली उतरली की माझा दिवस संपायचा. ती माझ्याकडे बघून मान हलवायची.

चांगलं चाललेलं काम फार काळ लपून राहत नाही. त्याचं कोणीतरी उद्घाटन करतं. श्रावणात फाट्यावर एक फलक लागला: 'आदर्श पर्यटक वाहनतळ'. फलकावर बरेच चेहरे होते, त्यांत मोठा चेहरा साहेबांचा. साहेब कोण, ते सांगायची गरज नाही. प्रत्येक तालुक्यात एक असतात. वाहनतळाचंही चित्र होतं, त्यात मागे बर्फाचे डोंगर होते. फाट्याजवळच्या एका उतारावर मुरूम टाकून झाला. तो पुढच्या चार सरींनी ओढ्यात नेला. तरीही लाल फीत बांधली गेली आणि रविवारचा मुहूर्त ठरला.

कार्यक्रम सकाळी होता, त्यामुळे साहेब संध्याकाळी आले. वाहनतळावर चिखल असल्याने समारंभ गावात, देवळासमोरच्या मांडवात ठेवला होता. फीत परत जाताना कापायची होती. साहेबांच्या मागे-पुढे बऱ्याच गाड्या होत्या. माळ पर्यटकांनी भरलेला, कोंडवाडा भरलेला. वाहनतळाच्या उद्घाटनाला आलेल्या गाड्या लावायला जागा नव्हती. बाकीच्या रस्त्याकडेला कशाबशा चिकटल्या. साहेबांची गाडी साहजिकच चिंचेखालच्या तिकोनात उभी राहिली.

त्या दिवशी काठी धर्माच्या दारात होती. हे कोणाच्याच लक्षात नव्हतं. धर्माच्या होतं.

मी मांडवात मागे उभा होतो. साहेब बोलत होते, "शिस्त हा पर्यटनाचा आत्मा आहे." टाळ्या पडल्या. मला राहवेना. बाहेर येऊन पाहतो तर धर्मा चिंचेखाली, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात काठी. साहेबांच्या गाडीच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन बांबू त्याने दगडांवर आडवे ठेवले होते. तेवढ्यात खालच्या वळणावर एसटी कण्हली. थांबली. हॉर्न वाजला.

भज्यांची पुडी हातात घेऊन साहेबांचा ड्रायव्हर धावत आला. "ओ काका, काढा ते बांबू. गाडी घेतो बाजूला, एसटी आलीय."

"मालक कुठाय?" धर्मा म्हणाला.

"अहो, साहेबांची गाडी आहे."

"मग साहेबांना बोलवा."

"साहेब भाषण करतायत!"

"करू दे. आमाला घाई न्हाय."

ड्रायव्हर गाडी काढायला तयार होता. गाडी निघाली की एसटी वर येणार, वळणार, सगळं सुरळीत. आणि एसटीसाठी मांडलेल्या नियमाला धरून धर्मा एसटीचीच वाट अडवून उभा होता.

"धर्मा, अरे आपल्यालाच घाई आहे! खाली येष्टी उभी आहे. सोड ती गाडी!"

"नाना, पाळी कोणाची हाय?"

"तुझी."

"मग?"

मी मांडवाकडे गेलो, परत आलो, वळणाकडे निघालो, अर्ध्यातून फिरलो. समारंभाला डेपोचे एक अधिकारीही आले होते, खुर्चीत बसले होते, आणि हॉर्न ऐकून मान वळवून बघत होते. मुकादमभाई एसटी तिथेच ठेवून पावसातून चालत वर आले. त्यांनी बांबू पाहिले, धर्माला पाहिलं, आणि हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "नाना, उलटी नेऊ का फाट्याला? आज नेली तर उद्यापासून तिथूनच."

त्यांच्या मागून वंदना आली. छत्री होती, पण ती नुसतीच धरलेली. दवाखान्याचा गणवेश गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. ती सासऱ्यासमोर उभी राहिली.

"मामंजी, सोडा ना."

"मालक येऊ दे."

"माझं काम जाईल."

धर्माने तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उचलतो बांबू. मला तसं मनापासून हवं होतं. तो म्हणाला, "आज घरच्या माणसासाठी सोडली, तर उद्या कोणाम्होरं काठी धरू?"

वंदनाच्या डोळ्यांत पाणी होतं की पाऊस, ते मी सांगणार नाही, कारण मला दिसलं नाही. मग तिने छत्री मिटली, माझ्या हातात दिली आणि सरळ मांडवात शिरली. खुर्च्यांमधून, हारांच्या टोपल्यांना वळसा घालून, व्यासपीठाच्या दोन पायऱ्या चढून ती साहेबांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. साहेब 'सुनियोजित' या शब्दावर होते.

"साहेब, तुमची गाडी कोंडलीय."

ध्वनिवर्धक चालू होता. साहेबांचा प्रश्न सगळ्या गावाने ऐकला. "कुठे कोंडलीय?"

"येष्टीच्या जागेत होती म्हणून. सोडवायला तुमालाच यायला लागंल. मालक स्वतः येतो, तशी आमची रीत हाय."

मग जनूतात्या हसले. पहिल्यांदा एकटेच, मग त्यांच्याबरोबर मागच्या रांगा. साहेबांचा चेहरा कोणत्या बाजूला जाईल ते ठरत नव्हतं. तेवढ्यात फोटोग्राफर कॅमेरा सावरून बाहेर निघाला, आणि चेहरा प्रसन्न बाजूला गेला. साहेब व्यासपीठावरून उतरले. त्यांच्यामागे छत्री, छत्रीमागे लोक, लोकांमागे डेपोचे अधिकारी. चिंचेखाली धर्माने त्यांना नमस्कार केला आणि काठीने बांबू दाखवला. साहेबांनी तो दोन्ही हातांनी उचलला, कॅमेऱ्याकडे बघून थोडा जास्तच उंच. टाळ्या. गाडी बाजूला गेली. एसटी कण्हत वर आली, मागे झाली, पुढे झाली आणि वळली.

काठी पुढच्या दाराशी टेकवून धर्मा घरी निघाला. जाताना त्याने वंदनाच्या हातातून डब्याची पिशवी घेतली. सासरा पुढे, सून मागे.

दोन दिवसांनी स्थानिक पेपरात फोटो आला. मथळा होता, 'बांबू उचलून वाहनतळाचे अभिनव उद्घाटन'. फाट्यावरची लाल फीत कापायची राहूनच गेली. ती पुढे कोणाच्या तरी बकरीने खाल्ली. फोटोत चिंच दिसत असल्यामुळे कोनशिलाही चिंचेखालीच बसवावी लागली. डेपोकडून एसटी बंद करण्याचं पत्र कधी आलं नाही. चालू ठेवण्याचंही आलं नाही. म्हणून ती चालू आहे.

त्यानंतर मी या प्रसंगाकडे पुष्कळदा परतलो आहे, आणि प्रत्येक वेळी जागेवरून उठलो आहे. धर्मा त्या संध्याकाळी नेमकं काय राखत होता? सुनेची नोकरी पणाला लावून त्याने काठी राखली, की काठी राखल्याशिवाय नोकरी टिकणार नाही हे त्याला कुठेतरी ठाऊक होतं? मी एकदा विचारलं. तो बांध घालत होता, मान वर न करता म्हणाला, "पाळी होती." वंदनाला विचारलं, तर ती म्हणाली, "त्यांनी सोडली असती, तर ते माज्यावर उपकार झाले असते, नाना. मग जन्मभर त्या उपकारानेच जायला लागलं असतं." हे तिने इतक्या सहज सांगितलं की मी विषय बदलून पावसावर आलो.

डोंगर माणसाला नम्र करतो का, याबद्दल माझी आता खात्री नाही. बांबू करतो, एवढं मी पाहिलं आहे. तोही कॅमेरा असेल तर.

काठी अजून फिरते. या वर्षी घरं कमी झाली आहेत. दोन कुटुंबं पनवेलला गेली, त्यामुळे पाळी लवकर येते. फोनवर कोणीतरी आमच्या कोंडवाड्यालाही तारे दिले आहेत आणि खाली लिहिलं आहे, 'कर्मचारी कडक, खेकडे भरपूर.' सकाळपासून किती गाड्या गेल्या मला माहीत नाही, किती वेळा उठलो तेही नाही. दुपारी पाऊस उघडला होता, आता पुन्हा धरला आहे. डोंगराचं टोक ढगात गेलं आहे. ज्यांनी ते बघायला एवढा प्रवास केला, ते आता त्याच्या आत आहेत आणि त्यांना ते दिसत नाही.

संध्याकाळ झाली तशी खालच्या वळणावर एसटी कण्हली. मी पुस्तक उलटं ठेवलं, चप्पल घातली, छत्री विसरलो आणि चिंचेपर्यंत गेलो. तिकोन मोकळा होता. मुकादमभाई निवृत्त झाले. नवा ड्रायव्हर तरुण आहे. पण मागे घेताना कुठे थांबायचं ते तो त्यांच्याकडूनच शिकला आहे. आरशात कोनशिला दिसली की ब्रेक. एखाद्या वेळी ब्रेक उशिरा लागतो, त्यामुळे शिलेचा उजवा कोपरा उडाला आहे. त्या कोपऱ्यात कोणाचं तरी नाव होतं. एसटी मागे गेली, पुढे झाली, वळली. दार उघडलं. मी भिजत उभा होतो. कोणीच उतरलं नाही.

वंदना गेल्या दिवाळीपासून स्कूटरने जाते.